राहीआक्काचा टीव्ही

भोंगा वाजून पाच मिनिटं झाली तरी राहीआक्काच्या घरातून मालिकेतल्या सासूचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. बाळासो गुरुजींनी चपला अडकवल्या. गेल्या दीड महिन्यात त्यांची एकही संध्याकाळ या बाईवाचून गेली नव्हती.

भोंगा ही गुरुजींची कल्पना. शाळा, ग्रामपंचायत, बचत गट आणि तरुण मंडळ यांना एका सतरंजीवर बसवून त्यांनी गावच्या पोरांसाठी आराखडा केला होता. खेळायला मैदान, दर महिन्याला आरोग्य तपासणी, आणि रोज सात ते साडेआठ घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. त्या वेळात आईबापांनी पोरांजवळ बसून अभ्यास घ्यायचा. उद्या, शनिवारी, सांगलीहून पाहणीला माणसं येणार होती. गावात घरं एकशे चाळीस. एकशे एकोणचाळीस गप्प होती.

उरलेलं घर राहीआक्काचं. बाई साठी उलटलेली, एकटी, आणि तोंडाची अशी की वकिलानं तिच्यापुढं पाणी भरावं.

ओसरीवर वीरधवल आधीच येऊन उभा होता. तो समितीचा अध्यक्ष, वीस एकर उसाचा धनी आणि आक्काचा शेजारी. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं आवाजाचा पहिला दणका त्यालाच बसायचा. भोंगा थांबला की तो तावातावानं इथं हजर.

"आक्का, लाज वाटती का? पोरं अभ्यासाला बसल्यात."

"बसू द्यात की. मी काय त्यांच्या वहीवर नाचतीया?"

"अध्यक्षाच्या शेजारी ही तऱ्हा. गाव माझ्या तोंडात शेण घालतंय."

"मग तोंड मिटून ठेव, बाबा. भोंगा तुमचा, टीव्ही माझा. बस, च्या घे."

रोजचं हेच. ती त्याला चहा पाजायची, मग पाण्याच्या पाळीवरून नाहीतर बांधावरून एखादं जुनं भांडण उकरायची. वीरधवलही हटणारा गडी नव्हता. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की आक्का स्वतःच टीव्ही बंद करून म्हणायची, "जावा आता, जेवा जा." गुरुजींना तिचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटायचं. अख्ख्या गावापुढं एकटीनं नाही म्हणायला छाती लागते.

पहिल्या सभेतही ती अशीच आडवी आली होती. पोरांबद्दल सांगायचंय म्हणून तीनदा उठली. "घरगुती गाऱ्हाणी नंतर," असं म्हणून गुरुजींनीच तिला तीनदा खाली बसवलं. पुढचे विषय बरेच होते. तेव्हापासून बाई डूख धरून आहे, असं गाव म्हणायचं.

योजना मात्र फळाला आली होती. वीरधवलचा यशराजच बघा. सातवीतलं पोर, नुसतं नाव घेतलं तरी दचकायचं, उत्तर येत असून मान खाली घालायचं. या महिन्यात ते हात वर करून बोलायला लागलं. परवा तर वर्गापुढं कविता म्हटली. उद्या पाहुण्यांसमोर गुरुजी त्यालाच उभा करणार होते. "भोंग्याचा गुण," असं ते वीरधवलला म्हणाले, तेव्हा त्याची मान ताठ झाली होती.

आज मात्र समिती नुसती भांडायला आली नव्हती. डिशचा डबा काढून पंचायतीत जमा करायचा, असा ठराव झाला होता. मागून आकाराम वायरमन पक्कड घेऊन आला. आक्का दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"पाय आत टाकलास तर तंगडं मोडीन, आकाराम."

"आक्का, ठराव हाय," वीरधवल म्हणाला.

"तुझा ठराव घाल चुलीत."

गुरुजी पुढं झाले. "आक्का, तुमच्या एका घरापायी पोरांचं नुकसान होतंय."

"पोरांचं?" तिनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग हात खाली घेतले. "काढा. पर गुरुजी, तुमी लगीच जाऊ नगा. च्या घेऊन जावा."

सासूचं रडणं मधेच तुटलं. आकाराम डबा काखेत मारून गेला. वीरधवलनं हात झटकले.

"सुटलो बाबा. दीड म्हैना हिच्या दारात गेला. पोराच्या अभ्यासाला बसायला एक सांज गावली न्हाई. आता रोज बसतो." तो शेजारच्या दारातून आत गेला.

गाव चिडीचूप झालं. एकशे चाळीसपैकी एकशे चाळीस. गुरुजींना फार बरं वाटलं. उद्याच्या भाषणाची पहिली दोन वाक्यंही त्यांना तिथंच सुचली. त्यांनी कप तोंडाला लावला.

भिंतीपलीकडं पट्टा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. यशराज सतराचा पाढा म्हणत होता. प्रत्येक फटक्याला अडत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

गुरुजींनी कप खाली ठेवला. आक्कानं पदर खोचला.

"दीड म्हैना त्याला हितं भांडत ठिवला म्या," ती म्हणाली. "उठा गुरुजी. आता तुमी भांडा."