इयत्ता चौथीचे भोपळे

किशोरीच्या गणिताच्या पेपरातल्या गुणांची अरुंधतीबाईंनी तिसऱ्यांदा बेरीज केली. भोपळाच.

अख्ख्या चौथीत झोपेतसुद्धा तीसपर्यंत पाढे म्हणणारी ही एकच पोर, आणि तिला भोपळा! बरं, ती एकटी असती तर बाईंनी मनावर घेतलं नसतं. जुलैच्या चाचणीत दीपेशनं माती खाल्ली. ऑगस्टात दोघांनी, सहामाहीला तिघांनी, आता पाच जणांनी. त्यात गेल्या खेपेचे नापास या खेपेला बिनदिक्कत पास.

"माझ्याच शिकवण्यात खोट आहे, सर," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "बदलीला होकार देऊन टाकते."

सहा वर्षं त्या साताऱ्याला, घरी, बदली मागत होत्या. जूनमध्ये ती मंजूर झाली. होकार वर्षाअखेर कळवायचा होता. मंजुरीची बातमी ऐकून रडवेली झालेली वर्गाची तोंडं बघवेनात, म्हणून त्या बोलून गेल्या होत्या, "तुमच्यातलं एक जरी कच्चं असलं तरी मी जायची नाही." आता वाटत होतं, या गुणी पोरांना आपल्यापेक्षा बरं कुणीतरी मिळावं.

दुपारी किशोरीचा आजा काशिराम आला. पायांना अजून खाडीचा चिखल होता.

"घरी अभ्यास करते का ही?"

"करते ना, बाई. बांधावं येते तवा पन पुस्तक संगं."

"बांधावर कशाला?"

"उधानाचं पानी शेतान शिरतं. मंग राखन नको? घरटी पाळी लावलेली हाय. उधान मोठं, तशी मानसं जास्त. आमच्या पोरांना समदं पाठ हाय, कवा कोनाची पाळी!"

बांधाचं पाठ आहे, गणिताचं तेवढं नाही. बाईंना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगून टाकलं.

"सोमवारी पनवेलला जाऊन मी बदलीच्या कागदावर सही करणार. नवे गुरुजी येतील. त्यांना त्रास देऊ नका."

फार जीव होता त्यांचा या बावीस जणांवर. त्या फळा पुसायला वळल्या.

मागच्या बाकावरून कल्पेश ताडकन उठला. किशोरीनं त्याचा सदरा ओढला, तरी तो बसेना. डोळे भरून आले होते.

"आसं कसं, बाई? आमी पाळी लावलीय! पुढल्या चाचणीला नापास व्हायचा नंबर माजा हाय!"