न प्यायलेली कॉफी

"तीन दिवसांच्या सहलीला तीन सुटकेसा?" डिकी लावता लावता सौसन पुटपुटली. "तुझी आई पेट्राला चाललीय की हजला?"

"हळू बोल, तिचे कान तिखट आहेत," रकान म्हणाला. "तिला काहीतरी मागायचंय म्हणे. शेवटच्या दिवशी सांगणार आहे."

"कोणाकडे मागायचंय?"

"आपल्याकडे. एवढंच बोलली."

सौसनने मनातल्या मनात हिशेब मांडला. गेल्या महिन्यात सासूबाईंनी इर्बिदच्या घरातल्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या होत्या, फ्रिज भाचीला. आता या सुटकेसा. मुक्काम कुठे हलणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. अम्मानमधल्या आपल्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यातली एक सात महिन्यांच्या जूदची.

उम्म रकान, म्हणजे रकानची आई, मागच्या सीटवर नातीशेजारी ऐसपैस बसल्या आणि गाडी मादबाच्या पुढे जायच्या आत त्यांनी तोंड उघडलं.

"टोपी, मोजे, वर दुपटं. पोर आहे की शिजवायला काढलेला कोबी?"

"एसी आहे ना, खाला." सासूबाईंना ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"मग एसी बंद कर. पोरीला का गुंडाळतेस?"

रकानने मुकाट्याने एसी बंद केला. सौसनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो पुन्हा लावला.

तिच्या पिशवीत थर्मामीटर होता, उकळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या, आणि करकपासून अकाबापर्यंतच्या दवाखान्यांची यादी होती. दर दहा मिनिटांनी मागे वळून ती जूदच्या छातीकडे बघायची. हलतेय ना?

करकच्या किल्ल्यात जूदने आकांत मांडला. सौसनने दूध दिलं, थर्मामीटर लावला, यादी काढली. उम्म रकाननी पोर उचलली आणि तळघराच्या गारव्यात जाऊन एक लांब हुंकार काढला. कमानीतून तो घुमत परत आला. जूद गप्प. दुसरा हुंकार. जूद खिदळली. सौसन एका दगडावर टेकली ती अर्ध्या तासाने उठली. सात महिन्यांत एवढी सलग झोप तिला पहिल्यांदाच लागली होती.

पेट्रात तर सासूबाईंनी नातीला शालीने पाठीशी बांधलं. "तुम्ही दोघं वर मठापर्यंत जाऊन या. आठशे पायऱ्या मला नकोत. आणि ऐक पोरी, सारखं मागे वळून बघू नकोस, मान मोडेल."

सौसन आणि रकान कॉलेजात असल्यासारखे हात धरून चढले. वर कोरीव दरवाजासमोर बसून चहा प्यायले. सौसनने मागे वळून पाहिलं ते फक्त नऊ वेळा.

खाली आल्यावर उम्म रकाननी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, माझ्या वयाच्या बाईनं बिऱ्हाड हलवून नव्या जागी जाणं बरं दिसतं का?"

"मला काय कळणार त्यातलं, खाला," असं सौसन बोलून गेली आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली. त्या बाईने आपल्याला दोन तास मोकळं केलं, आणि आपण तिला एक खोली देताना हात आखडतोय.

तिसऱ्या दिवशी वादी रममध्ये गाडी वाळूत रुतली. रकान चाकं गरागरा फिरवत राहिला.

"पाय काढ त्यावरून, नाहीतर थेट पाताळात जाऊ," त्याची आई ओरडली. जन्म मआनकडचा, वाळू तिच्या ओळखीची. "टायरमधली हवा काढ. अजून. अजून थोडी. आता हळूहळू मागे घे." गाडी बाहेर आली. "चला आता अबू शाहेरकडे. त्याच्या बायकोच्या मयताला मला जाता आलं नव्हतं. एवढ्या जवळ येऊन तोंड न दाखवता गेले तर तुझे अब्बा कबरीतून बोलतील. एका पलटणीतले दोघं."

सासूबाई आरशात बघून रुमाल नीट करत होत्या तेवढ्यात सौसनने रकानला बाहेर ओढलं. "त्यांना मागायला लावायचं नाही. आपणच घेऊन जाऊ त्यांना घरी. जूदची खोली देऊ."

"ताप आलाय का तुला? थर्मामीटर देऊ?"

"गप रे." पण तीही हसली.

अबू शाहेर तंबूच्या दारात उभा होता. झगा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. "एवढ्या धुळीत इस्त्री!" रकान कुजबुजला. मागे त्याच्या सुना मन्साफ, दह्यातलं मटण, शिजवत होत्या. यजमानाने स्वतः वेलदोड्याची कडू कॉफी ओतली.

उम्म रकाननी पेला ओठाला न लावता समोर ठेवला.

तंबूतल्या सगळ्यांच्या नजरा त्या पेल्याकडे वळल्या. पाहुण्याने पेला असा ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि "पी, दिलं" असं ऐकल्याशिवाय तो त्याला शिवत नाही. एकदा "दिलं" म्हटलं की मात्र शब्द फिरवता येत नाही. पण मागणं असतं ते यजमानाकडे. उम्म रकान बघत होत्या सुनेकडे.

"तुझ्याकडेच मागायचंय, सौसन. मुलगा काय, तू म्हणशील तसंच म्हणेल."

परक्यांच्या देखत या बाईने डोक्यावरचं छप्पर मागायचं? सौसनला राहवलं नाही. "प्या, खाला. दिलं."

"अगं, ऐकून तरी घे."

"नाही ऐकायचं. जे हवं ते दिलं. हे सगळे साक्षीला आहेत."

उम्म रकाननी तिच्याकडे क्षणभर टक लावून पाहिलं. मग पेला उचलून एका घोटात रिकामा केला, सुनेच्या कपाळाचा मुका घेतला, आणि कॉफीची किटली हातात तशीच धरून उभ्या राहिलेल्या यजमानाकडे वळल्या.

"शुक्रवारी काझीला बोलवा, अबू शाहेर. माझ्या सुनेनं मला तुम्हाला देऊन टाकलं."