अकरा फोन

सातवा फोनही बाईनंच उचलला.

"सुयोग आहेत का?" स्मितानं विचारलं.

ती म्हणाली, "ते वारले. गणपतीच्या आधी आठ दिवस. तुम्ही कोण?"

बहरीनहून, त्यांच्या कंपनीतून बोलतेय, असं स्मितानं सांगितलं. सुयोगची बायको मृणाली रडली नाही, भांडलीही नाही. उलट ओशाळल्यासारखी बोलत राहिली. "तिकडं होते तोवर धडधाकट होते हो. एक दिवस दुखणं माहीत नाही. घरी आले आणि तीन महिन्यांत किडन्या गेल्या. आमच्या विहिरीचं पाणी बाधलं त्यांना. सासूबाई म्हणतात, मी उकळून द्यायला हवं होतं."

स्मितानं यादीतल्या सातव्या नावापुढे फुली मारली. आधीच्या सहांपैकी पाचांपुढे फुली होतीच.

ती मूळची पुण्याची. बहरीनच्या नईम भागात, बांधकाम कंपनीच्या ऑफिसात कामगारांच्या आरोग्याची आकडेवारी सांभाळायची. साडेतीन हजार कामगार, आणि पाच वर्षांत आजारानं झालेले मृत्यू शून्य. इतकं स्वच्छ शून्य पाहून खरं तर शंका यायला हवी होती. पण शून्य आपल्या फायद्याचं असलं की कोण शंका घेतं? या शून्यावर कंपनीला सुरक्षेचं बक्षीस मिळायचं होतं आणि अर्ज आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. आजारपणामुळे मायदेशी परतलेले आमचे कामगार आज सुखरूप आहेत, एवढं एक वाक्य अर्जात घालावं असं तिच्या मनात आलं. अशा परतलेल्यांच्या यादीत मराठी बोलणारे अकरा होते. बोलायला बरं म्हणून तिनं त्यांच्यापासून सुरुवात केली. हौस, दुसरं काय!

चार वाजेपर्यंत अकरा फोन झाले. नऊ फुल्या पडल्या. एक नंबर बंद होता. एक जण जिवंत होता, पण डायलिसिसला गेला होता. सगळ्यांचं दुखणं एकच, किडनीचं, आणि प्रत्येक घरात दोष बायकोच्या माथी. कुणाचं पाणी वाईट, कुणाचा पायगुण. एकीनं तर उपास मोडल्याचं कबूल केलं.

ती यादी घेऊन जयप्रकाशसरांच्या केबिनमध्ये गेली. ते तिचे वरिष्ठ, मुंबईचे, माणूस वाईट नव्हे. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला.

"स्मिता, इथे मेला तर तो आपला आकडा. तिकडे मेला तर तिकडचा."

"पण सर, आजार इथला आहे."

"असेल. पण तो कुठल्या रकान्यात लिहिणार?"

तक्ता तिनंच बनवला होता, आणि त्यात तसा रकाना नव्हता. आजारी माणसाच्या हातात तिकीट ठेवलं की कंपनीचा सुंठीवाचून खोकला जात होता. आणि आपण पाच वर्षं त्याला चांगलं आरोग्य म्हणत आलो! तिला स्वतःचीच किळस आली.

यादीत बारावं नाव नुकतंच चढलं होतं. महादेव. तो खाली गाडीत तिची वाट पाहत बसला होता.

महादेव पाटण तालुक्यातला. अकरा वर्षं त्यानं सखीरच्या वाळवंटाकडच्या साइटवर स्लॅबचं लोखंड बांधलं. तिथला संडास इतका लांब, की गेलं तर फोरमन खाडा मांडायचा. म्हणून उन्हातही माणसं घोटभरच पाणी प्यायची. हे तो हसत हसत सांगायचा. पुढे पाय सुजायला लागले तेव्हा त्याला ड्रायव्हर केलं. गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला आणि लगोलग तिकीटही आलं, गुरुवारचं. घरी आराम पडेल, असं म्हणून स्मितानंच त्याला खजुराचा डबा दिला होता.

गाडी मुहर्रकच्या पुलावर आली. बुसैतीन, म्हणजे तिचं घर, पाच मिनिटांवर होतं. अर्ज लॅपटॉपमध्ये तसाच पडून होता.

"महादेवदादा, गुरुवारी जाऊ नका."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "फोन लावलं व्हय सगळ्यांना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हातात ती नावांची यादी हाय, आन् गाडीत बसल्यापासनं तुमचं तोंड उतरलंय. त्या अकराही जणांना विमानतळावर मीच सोडलंय, मॅडम. सुयोगला तर बॅग उचलवत नव्हती. आन् त्याच्या घरची म्हणत्यात, हिरीचं पाणी बाधलं."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? मग निघालात कशाला? इथं हॉस्पिटल आहे, मी सरांशी भांडते, अर्ज पाठवत नाही..."

"गुरुवारी व्हिसा खलास. शुक्कारपासनं इथं मी कोण?" तो शांतपणे म्हणाला. "आन् इथंच गेलो तर पेटीतनं घरी जायचं. त्यापरीस आपल्या पायानं उंबरा वलांडल्याला बरा."

स्मिताला रडू आवरेना. तिच्या बिल्डिंगपाशी गाडी थांबली, तरी ती उतरली नाही. महादेवनं इंजिन बंद केलं.

"अर्ज धाडा, नाहीतर धाडू नका. ते तुमचं तुम्ही बघा. माझं एक काम करा."

"बोला."

"चार-सहा महिन्यांनी माझ्याबी घरी फोन लावा. माझी बायकू शेवंती उचलंल. तिला म्हणावं, आपल्या हिरीचं पाणी चांगलं हुतं."