चौथा खिळा

भुतांची अचूक गणती बासष्ट साली फक्त मोताळ्याच्या आरागिरणीत होत असे. गावचा भगत प्रत्येक भूत चिंचेच्या झाडात खिळा ठोकून बसवी, आणि वर साल चढली की खिळा दिसत नसे. म्हणून नव्या पात्याला जपणारा शालिग्राम मिस्त्री चिंचेच्या ओंडक्याच्या मालकाला आधी विचारी, “भुतं किती?”

“तीन,” बायकोला घेऊन आलेले भगवानराव म्हणाले. “तिन्ही बायकोच्या माहेरची.”

तीन खिळे हुडकून उपटले. आरा सुरू झाला, मध्येच किंचाळला आणि पात्याचे दात उडाले.

भगवानराव दारापर्यंत पळाले. “अवं, हे चौथं कोणाचं?”

“मिस्त्रीभाऊ, तुमी भुतं इचारले,” त्यांची बायको म्हणाली. “हा तं माह्या लुगडे वाळवाच्या दोरीचा खिळा हाये.”