सोल्यूशन सुकेपर्यंत

"हवा कुठून जातेय गं? इथून. हो की नाही? हो. शाब्बास." पंक्चर काढणारीने प्रश्न विचारला, उत्तर दिलं आणि शाबासकीही स्वतःच देऊन टाकली. पाण्याच्या घमेल्यापाशी बसलेल्या तिच्या लेकीने उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं.

पोरीला अडीच वर्षं झाली तरी शब्द फुटत नव्हता. कान ठणठणीत, सांगितलेलं सगळं कळायचं, पण बोलणं नाही. आईच्या जिवाला घोर लागला होता. कुणी तरी म्हणालं, तिच्याशी बोलत जा. आधीच तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई, आता तिला श्वास घ्यायलाही सवड उरली नव्हती.

"ताई, सोल्यूशन लावलंत ना? चिकटवा की ठिगळ," सायकलवाला घाई करत होता. त्याची दोन्ही चाकं बसली होती.

"थांबा, सुकू दे. ओल्यावर लावलं तर कोपऱ्यापर्यंतही टिकणार नाही."

डबा घेऊन आलेला नवरा हसला. "ट्यूबसाठी थांबतेस. पोरीसाठी कधी थांबलीस?"

ती चांगलं खरमरीत सुनावणार होती. पण लागलं ते खरं होतं म्हणूनच लागलं.

तिने मागचं चाक उरकलं, पुढच्याची ट्यूब काढून पाण्यात धरली. बुडबुडे आले. "हवा कुठून जातेय गं?" एवढंच विचारून तिने ओठ घट्ट मिटले. गप्प बसणं ही काय शिक्षा असते ते तिला आज कळलं. उत्तर जिभेवर नुसतं वळवळत होतं, आणि नवरा समोरून डोळे वटारत होता.

पोरीने पाण्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आई खरंच गप्प आहे याची खात्री करून घेतली, मग बुडबुड्यांवर बोट टेकवलं.

"इथं."

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने भराभर ट्यूब पुसली, घासली, सोल्यूशन लावलं आणि आनंदाच्या भरात लगेच ठिगळही उचललं. तेवढ्यात तिच्या मनगटावर एक ओला, इवलासा हात पडला.

"थांब. सुकू दे."

ठिगळ हातातच राहिलं. नवऱ्याने डबा खाली ठेवला. सायकलवालाही हळूच बाकावर टेकला.

"सावकाश होऊ दे," तो म्हणाला.