बाईच्या हातचं पाणी

"ही पेटी आत जाणार नाही," प्रेमराज म्हणाला आणि कबरस्थानाच्या फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

वनाची शवपेटी रस्त्यावरच टेकवली होती. दोंडाईच्याचं मे महिन्यातलं ऊन, आणि मेलेल्या माणसाला कोण सावली देतो! त्याची बायको कोकिळा पेटीवर पदर धरून बसली होती. चर्चच्या मंडळीचे पंच मात्र भिंतीच्या सावलीत. फाटकाची किल्ली त्यांच्यातल्या अभिमनच्या खिशात, आणि अभिमन प्रेमराजच्या मुठीत.

नियम साधा होता. बाप्तिस्मा झालेल्यालाच आत जागा. वनाचा झाला होता, पण मरता मरता. बाप्तिस्मा देणारे पाळकसाहेब धुळ्याला अडकले, इकडे वनाचा श्वास अडकला, तेव्हा प्रमिलाबाईने तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. त्याला वचनं शिकवणारीही हीच म्हातारी, वस्तीतली जुनी सुईण.

"बाईच्या हातचा बाप्तिस्मा मंडळी मानत नाही," प्रेमराज म्हणाला. तो पंचांचा मुख्य. बायबल त्याला तोंडपाठ, म्हणजे सोयीपुरतं. "याला दुसरीकडे न्या."

"कुठं लई जाऊ, भाऊ?" कोकिळाने विचारलं.

"ते तुझं तू बघ."

प्रमिलाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "पानी कोन टाकस हाई देव देखस, का कोनाना नावनं टाकस हाई?"

"घ्या! आता सुईणी आपल्याला देव शिकवणार!" प्रेमराज म्हणाला. पंच खो खो हसले. पेटीसमोर उभं राहून हसले मेले.

म्हातारीचं डोकं फिरलं.

"मंग तूबी सरक बाजूले. तुना बाप्तिस्माबी मनाच, ये सुईननाच हातना शे. जनमना तवय काया-निया पडी गयथा तू, सास नही व्हता; मीच पानी टाकं. पाद्री मांगून उना, नुसती प्रार्थना करी गया. ईचार तुनी मायले."

"खोटं!" प्रेमराज ओरडला आणि बायकांत बसलेल्या आपल्या आईकडे वळला.

लताबाईने मान वर केली नाही. "खरं शे," ती म्हणाली. "तुना बाप म्हने, कोनले सांगू नको."

प्रेमराजने पंचांकडे पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं.

"त्यासनाकडे काय देखस?" प्रमिलाबाई म्हणाली. "बठ्ठासना, येकूनयेकना डोकावर मनाच हातनं पानी शे."

मग अभिमनने किल्ली काढली, प्रेमराजला खांद्याने बाजूला सारलं आणि कुलूप उघडलं. पंचांनी मुकाट्याने पेटी उचलली. मागोमाग कोकिळा गेली, प्रमिलाबाई गेली, लताबाईही गेली.

प्रेमराज एकटा फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. आत जायचं तर बाईच्या हातचा बाप्तिस्मा मानावा लागत होता.