थोपटणारा हात

धाकटीनं लंगोटाची सेफ्टी पिन भिंतीत खुपसली आणि भिंत रडली.

रडली म्हणजे अगदी पोटातून रडली. पायाखालची मऊ, कोमट जमीन थरथरली, छतातल्या शिरा टरारून फुगल्या आणि बोळाच्या टोकाला, दोघींना आत कोंडून घेतलेल्या त्या जिवंत यानानं तोंड उघडलं. बाहेर सकाळ होती. खाली तळ्याचा काठ, चिखल, विजेचा खांब. यान पाणी प्यायला उतरलं होतं. पोट भरलं की ते पुन्हा वर जाणार होतं, कुठल्या आभाळात कोण जाणे.

हुंदके देत ते गप्प झालं आणि तोंड मिटलं.

"बघितलंत मावशी? रडलं की उघडतं!" धाकटी कुजबुजली. "मी परत टोचते. टोचलं की पळायचं. मागं वळून बघायचं नाही."

मावशींनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा उतरला होता. दोघी एकाच पाळणाघरात कामाला; तिथल्या गच्चीवर दुपटी वाळत घालताना काल यानानं दोघींना दोरीसकट उचललं होतं. चावलं नाही, गिळलं नाही, नुसतं आत ठेवून घेतलं. धाकटीचा ब्लाउज दुधानं भिजून अंगाला चिकटला होता. घरी तिचं तान्हं कालपासून उपाशी होतं. बाटली ते तोंडात धरत नसे.

"लहान आहे गं हे," मावशी म्हणाल्या. "रडण्यावरून कळतंय."

"असू दे लहान. माझं त्याहून लहान आहे."

या वेळी तिनं पिन मुळापर्यंत घुसवली. यानानं टाहो फोडला. धाकटी जिवाच्या आकांतानं धावत सुटली. उजेड तोंडावर आला, चिखलाचा वास आला, आता फक्त एक उडी मारायची होती.

आणि रडणं थांबलं. तोंड तिच्या नाकासमोर मिटलं.

तिनं वळून पाहिलं. मावशी जागच्या हलल्याही नव्हत्या. त्यांचा उजवा हात भिंतीवर चालला होता. थप, थप, थप. "ओ ओ ओ, नाही हं. झालं हं. कुणी मारलं माझ्या राजाला?"

"मावशी! काय केलंत हे?"

मावशींनी आपल्याच हाताकडे दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं पाहिलं. "अगं, मी नाही गं... हातच गेला."

उभा जन्म पाळणाघरात काढलेली बाई. रडणं कानावर पडलं की त्यांचा हात आधी पोचायचा आणि अक्कल मागून यायची. "लाडावून ठेवता तुम्ही पोरांना, जरा रडू देत जा," म्हणून धाकटी रोज त्यांच्याशी भांडायची. आज तेच भांडण जिवावर बेतलं होतं.

ती पिन घेऊन पुन्हा भिंतीवर तुटून पडली. यान रडेना. चप्पल काढून हाणली, तरी नाही. त्याला आता मार लागतच नव्हता. ते मावशींना बिलगून नुसतं घूं घूं करत होतं. मावशी निघायला गेल्या तर पाऊल उचलेना. झोपेला आलेलं पोर पदर मुठीत धरतं, तसे जमिनीनं त्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत धरले होते. धाकटीनं ओढून पाहिलं, नखांनी ओरबाडलं, शेवटी दात लावले. पाय सुटले नाहीत.

तेवढ्यात जमीन कलली. आत कुठंतरी पाणी डचमळलं. यानाचं पोट भरलं होतं.

"ऐक," मावशी घाईनं म्हणाल्या. "तोंडापाशी जाऊन उभी राहा. मी हात काढून घेते. कसं भोकाड पसरतं बघ."

"आणि तुम्ही?"

"मी येते मागून. पेंगलं की मूठ सैल पडते. पोरं निजवून केस पिकले माझे, मला शिकवतेस?"

"पेंगलं तर तोंड उघडं कसं राहील, मावशी?"

मावशींनी तिच्या भिजलेल्या ब्लाउजकडे बोट दाखवलं. "तुझं उपाशी आहे," त्या म्हणाल्या. "जा."

धाकटी त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागली. मावशींनी डाव्या हातानं तिलाही दोनदा थोपटलं आणि मग ढकलून दिलं.

ती तोंडापाशी पोचली तेव्हा मावशींनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून घेतले. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बारीक कुरकुर, मग मुसमुस, मग असा टाहो की धाकटीच्या कानठळ्या बसल्या. तोंड उघडलं. चिखल केव्हाच माडीभर खाली गेला होता. तिनं मागं पाहिलं. मावशींच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात काखेतच होते.

धाकटीनं उडी टाकली.

ती चिखलात गुडघ्यांवर आदळली आणि तशीच वर बघत राहिली. यान रडत रडत चढत होतं. तोंड अजून उघडं होतं, आत मावशी दिसत होत्या. रडतंय तोवर उघडं राहणार होतं.

"रडू द्या त्याला!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "मावशी, थोपटू नका! रडू द्या, मावशी!"

वरचं रडणं हळूहळू ओसरत गेलं. शेवटी एक हुंदका ऐकू आला, झोप लागल्यावरही पोरांना येतो तसा.